शेणकाला, हवा आणि हायपो

ऑक्टोबर उजाडला की आमच्या भागातल्या साखर कारखान्यांची बॉयलर अग्निप्रदीपनाची निमंत्रणं फिरू लागतात. होमहवन, सत्यनारायण, मग काही दिवसांनी गव्हाणीत मोळी टाकून गळिताचा शुभारंभ. या सगळ्याचे फोटो पेपरात येतात. ज्याचा फोटो कधीच येत नाही असं एक काम मात्र त्याआधी दोन-तीन आठवडे कारखान्याच्या मागच्या अंगाला सुरू झालेलं असतं. तिथे ट्रॉलीने शेण येऊन पडतं. ताजं, गाईचं. ते पाण्यात कालवतात, काडीकचरा गाळून काढतात आणि तो शेणकाला एका मोठ्या हौदात सोडतात. वर थोडी मळी, थोडा युरिया, थोडं डीएपी. तळाशी बसवलेल्या नळ्यांतून ब्लोअर हवा सोडत राहतो आणि हौद रात्रंदिवस खदखदत राहतो. घरी दुधाला विरजण लावतात, तसं हे कारखान्याच्या सांडपाण्याला लावलेलं विरजण. उद्या गाळप सुरू झाल्यावर जे पाणी येईल ते खाऊन साफ करणारे जिवाणू आज वाढवून ठेवावे लागतात. मोळी पडल्यावर हे काम सुरू केलं, तर पहिला महिनाभर ओढ्याचं काही खरं नाही.

माझं माहेर नारायणगाव, सासर मंचर. रसायनशास्त्र शिकून साखर कारखान्याच्या लॅबमध्ये लागले आणि पुढे सांडपाणी प्रक्रिया केंद्र, म्हणजे सगळे म्हणतात ती 'ईटीपी', माझ्याकडे आली. बदली मागून घ्यावी अशी ती जागा, असं सगळ्यांनी सांगितलं. मी मागितली नाही. आता जुन्नर आणि आंबेगावातल्या डेअऱ्या, कारखाने, पॅकहाउस यांच्या सांडपाण्याचं कामच करते. 'मॅडम, वासावर काहीतरी औषध द्या ना,' हे वाक्य मी सर्वांत जास्त वेळा ऐकलं आहे. त्या वाक्याचं सविस्तर उत्तर द्यावं म्हणून हा लेख.

आमच्या दोन तालुक्यांत पाणी मुबलक दिसतं. मीनेवर वडज, कुकडीवर माणिकडोह आणि येडगाव, घोडवर डिंभे अशी धरणं आहेत. त्या पाण्यावर ऊस, द्राक्षं, टोमॅटो आणि दूध उभं आहे. निवृत्तीनगरला विघ्नहर, पारगावजवळ दत्तात्रयनगरला भीमाशंकर असे दोन सहकारी कारखाने. मंचरजवळ अवसरी फाट्याला चीज आणि तूप करणारी पराग ही मोठी डेअरी. नारायणगावात टोमॅटोचा बाजार, त्याच्या आगेमागे क्रेट धुण्याची, माल निवडण्याची कामं. रंग, औषधं, धातू यांच्या रासायनिक कारखान्यांची गर्दी इथे नाही. आमचे उद्योग खाण्यापिण्याचे. त्यामुळे लोकांना खरोखर प्रश्न पडतो: सांडपाण्यात जाऊन जाऊन काय जाणार, साखर आणि दूधच ना? मग मासे का मरतात, आणि एवढी घाण का सुटते?

मासे साखरेने किंवा दुधाने मरत नाहीत, गुदमरून मरतात. पंचवीस अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. माशांचा सगळा संसार त्या आठ मिलिग्रॅमवर. पाण्यात साखर किंवा दूध पडलं की जिवाणूंना मेजवानी मिळते. ते झपाट्याने वाढतात आणि खाताना तो प्राणवायू वापरून टाकतात. घाण खाऊन संपवायला किती प्राणवायू लागेल, त्या आकड्याला बीओडी म्हणतात. घरगुती सांडपाण्याची बीओडी लिटरला दोन-तीनशे मिलिग्रॅम असते. दुधाची सुमारे एक लाख. म्हणजे एक लिटर दूध नदीत सांडलं, तर ते पचवायला सुमारे साडेबारा हजार लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू खर्ची पडतो. एक मोठा टँकरभर पाणी, एका लिटर दुधासाठी. डेअरीच्या फरशीवरून दिवसभरात किती दूध धुतलं जातं याचा हिशेब ज्याच्या डोक्यात पक्का आहे, त्याची ईटीपी निम्मी तिथेच चालते.

बीओडी मोजायची पद्धतही सांगण्यासारखी आहे. इंग्लंडात पाण्याची बाटली २० अंशाला पाच दिवस ठेवतात. आपल्या उष्ण हवेत जिवाणू वेगाने काम करतात, म्हणून आपल्याकडे २७ अंशाला तीन दिवस. पण तीन दिवसांनी आलेला आकडा हा तीन दिवसांपूर्वीच्या पाण्याचा असतो. ते पाणी तोवर कुठल्या कुठे गेलेलं. त्यामुळे रोजचं काम डोळ्यांनी, नाकाने आणि एका काचेच्या सिलिंडरने चालतं. त्या सिलिंडरकडे येतेच.

आधी वास. प्राणवायू संपल्यावर जिवाणू थांबत नाहीत. दुसऱ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात. त्यांना प्राणवायू नको असतो. ते पाण्यातल्या सल्फेटवर भागवतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात, म्हणजेच सडक्या अंड्याचा वास. आता आपल्याकडे बहुतेक कारखान्यांत पांढरी साखर करायची रीत म्हणजे रसाला चुना आणि गंधकाचा धूर देणं, डबल सल्फिटेशन. ते गंधक मळीत उतरतं, धुण्याच्या पाण्यात उतरतं. शिवाय गोड पाणी काही तासांत आंबतं, त्याचा सामू (पीएच) चार-पाचपर्यंत घसरतो. आम्लात हा वायू पाण्यात विरघळून राहत नाही, उडतो. म्हणजे गंधक आहे, हवा नाही आणि वरून आंबटपणा, असं तिन्ही एकत्र आलं. आपलं नाक या वायूच्या बाबतीत अतिशय तिखट आहे. हवेच्या अब्ज भागांत एखादा भाग असला तरी कळतो. म्हणून कारखान्याच्या मागची एखादी तुंबलेली चारी अख्ख्या वस्तीची झोप उडवते. डेअरीचा वास वेगळा. दुधातली चरबी कुजली की ब्युटिरिक आम्ल तयार होतं, खवट तुपाचा, आंबूस, कपड्यांना चिकटून राहणारा वास. टोमॅटोच्या टाकाऊ ढिगाचा आणखी निराळा. मला आता गेटवरच कळतं की आत कुठला हौद आजारी आहे.

तेव्हा 'वासावर औषध' मागणाऱ्यांना माझं म्हणणं एकच असतं. वास तयार झाल्यावर त्याच्या मागे पळायचं नाही, पाणी शिळं होऊच द्यायचं नाही. सांडपाणी जितक्या ताजेपणी हवेच्या हौदात पोचेल तितका वास कमी. चाऱ्यांना उतार हवा, कोपऱ्यात गाळ साचायला नको, समतोल टाकीत पाणी सतत ढवळलं गेलं पाहिजे. चुना टाकून सामू साडेआठच्या आसपास आणला की वायू पाण्यातच अडकून राहतो आणि त्या दिवसापुरता दिलासा मिळतो. तो प्रथमोपचार झाला. जिथे वास टाळताच येत नाही, उदाहरणार्थ गाळाच्या खोलीत किंवा झाकलेल्या टाकीत, तिथली हवा पंख्याने ओढून कॉस्टिकच्या पाण्याच्या फवाऱ्यातून नेतात, त्याला स्क्रबर म्हणतात. किंवा ती कंपोस्ट, लाकडाचा ढलपा, नारळाचा काथ्या यांच्या ओल्या थरातून सोडतात. त्या थरात राहणारे जिवाणू वासाचे वायू खाऊन टाकतात. याला बायोफिल्टर म्हणतात. थर ओला ठेवणं आणि काही वर्षांनी बदलणं, एवढीच त्याची मागणी. आमच्याकडच्या उद्योगांना हे सहज परवडणारं आहे आणि ते अजून इतकं कमी दिसतं याचं मला वाईट वाटतं.

बाजारात आणखी एक गोष्ट मिळते: कुंपणावर बसवायचे सुगंधी फवारे. लिंबाचा, मोगऱ्याचा वास सोडणारे. मी त्यांना कायम विरोध करत आले आहे. त्याने एक मिलिग्रॅमही घाण कमी होत नाही आणि आत काहीतरी बिघडलंय ही लोकांना मिळणारी एकमेव सूचना तेवढी बंद होते.

आता सिलिंडर. सकाळी ऑपरेटर एअरेशन टँकमधून, म्हणजे हवेच्या हौदातून, एक लिटर पाणी काचेच्या सिलिंडरमध्ये भरतो आणि टेबलावर ठेवून घड्याळ लावतो. अर्धा तास त्याला हात लावायचा नाही. हौद निरोगी असला तर पाच मिनिटांत तपकिरी कणांचे पुंजके एकमेकांना धरू लागतात, संथ खाली उतरतात आणि वर स्वच्छ पाणी उरतं, एवढं स्वच्छ की मागच्या भिंतीवरची अक्षरं वाचता येतात. अर्ध्या तासाने गाळ २५० ते ३५० मिलिलिटरच्या खुणेवर असला की मी पुढच्या कामाला लागते. गाळ बसतच नसेल, फुगून ८०० वर थांबला असेल, तर तंतूंसारखे जिवाणू माजलेत, हवा किंवा युरिया कमी पडतोय. बसलेला गाळ तासाभरात बुडबुड्यांसकट वर आला तर दुसरीच भानगड, नायट्रेटची. मग थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली. तिथे व्हॉर्टिसेला नावाचा घंटेच्या आकाराचा जीव देठावर उभा दिसतो. काच जरा हलली की त्याचा देठ झटकन आखडतो आणि सावकाश पुन्हा उलगडतो. तो दिसला की मी निश्चिंत होते. घाणेरड्या, हवा नसलेल्या पाण्यात तो टिकत नाही. आणि चांगल्या एअरेशन टँकला वास असतो, पण तो ओल्या मातीचा. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना मी मुद्दाम कठड्याजवळ नेऊन तो वास घ्यायला लावते.

ही हवेची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी सांडपाण्यात हवा सोडून पाहिली, आणि प्रत्येक वेळी तळाचा गाळ फेकून न देता तो पुढच्या पाण्याला वापरला. गाळ जुना होत गेला तसा पाणी साफ व्हायला लागणारा वेळ आठवड्यांवरून काही तासांवर आला. त्यांना ही दिशा दाखवणारे गिल्बर्ट फाउलर पुढे दोनच वर्षांत बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. म्हणजे ही विद्या आपल्या देशात फार लवकर पोचली होती. कायदाही महाराष्ट्राने देशाच्या आधी केला. आपला पाणी प्रदूषण प्रतिबंधक कायदा १९६९ चा, राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० चं. केंद्राचा जल कायदा १९७४ साली आला. विद्याही आहे आणि कायदाही आहे. अडतं ते बहुतेक वेळा रात्री अकरानंतर.

रात्री दोन गोष्टी होतात. पहिली विजेची. ईटीपीच्या खर्चात मोठा वाटा ब्लोअरच्या विजेचा. म्हणून काही ठिकाणी रात्री ब्लोअर बंद ठेवतात आणि पहाटे सुरू करतात. जिवाणूंना हवा नसली की काही तासांतच हौदाचा रंग तपकिरीवरून काळपट होऊ लागतो आणि पहाटे ब्लोअर सुरू झाला की रात्रभर साठलेला वायू एकदम बाहेर पडतो. सकाळी फिरायला निघालेल्या लोकांना जो वास येतो तो अनेकदा या बचतीचा असतो. हौदातला विरघळलेला प्राणवायू मोजून ब्लोअरचा वेग आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रणा मिळते. तिने वीज वाचते आणि जिवाणूही जगतात. बचत करायचीच तर अशी करावी.

दुसरी गोष्ट सीआयपीची, म्हणजे 'क्लीनिंग इन प्लेस'ची. डेअरीतले पाइप आणि टाक्या खोलून धुता येत नाहीत. त्यांतून आधी गरम कॉस्टिक, मग नायट्रिक आम्ल फिरवतात. एका डेअरीत रात्रपाळीने वापरलेल्या कॉस्टिकची अख्खी टाकी एकदम ड्रेनला सोडली. सकाळी मी पोचले तेव्हा एअरेशन टँकवर कमरेएवढा पांढरा फेस होता, पाण्याचा सामू अकराच्या वर, आणि सिलिंडरमधला गाळ खाली जायच्या ऐवजी विस्कटून वर तरंगत होता. महिनोन्महिने जपलेले जिवाणू एका रात्रीत गेले. पुन्हा शेण, पुन्हा दुसऱ्या केंद्रातून आणलेला गाळ, पुन्हा वाट पाहणं. तेवढे दिवस दुधाचं संकलन थांबत नाही, त्यामुळे पाणी येतच राहतं. त्यानंतर तिथे दोन छोट्या टाक्या बांधल्या. एकीत वापरलेलं कॉस्टिक, दुसरीत आम्ल. दोन्ही एकमेकांत थोडं थोडं मिसळून सामू सातच्या आसपास आणायचा आणि दिवसभरात बारीक धारेने सोडायचं. ड्रेनवर एक पीएच मीटर, तो भडकला की झडप आपोआप बंद. हा खर्च वाया गेलेल्या एका महिन्यापेक्षा कमी होता.

रात्रपाळीच्या त्या मुलाला मी दोष देत नाही. ईटीपीवर कुणाला नेमायचं, तर जो दुसरीकडे कुठे नको आहे त्याला, अशी जवळजवळ सगळीकडे पद्धत आहे. पगार कमी, बढती नाही, प्रशिक्षण नाही. तरीही मला अशा जागी उत्तम माणसं भेटली आहेत. एका ठिकाणी शिफ्टवरचे काका हौदाच्या फेसाचा रंग बघून सांगायचे की प्लांटमध्ये आज तूप झालंय की पनीर. अशा माणसाला कारखान्याने बॉयलर अटेंडंटइतका मान आणि पगार द्यायला हवा, हे मी प्रत्येक व्यवस्थापकाला सांगते.

सांडपाणी साफ करण्यापेक्षा ते होऊच न देणं स्वस्त पडतं, हे डेअरीवाल्यांना चीजने शिकवलं. दहा लिटर दुधाचं साधारण किलोभर चीज होतं. उरलेलं जवळजवळ नऊ लिटर व्हे, म्हणजे हिरवट निवळ. त्याची बीओडी लिटरला तीस-चाळीस हजार. पूर्वी जगभर ते गटारात जायचं. आता बारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळून त्यातली प्रथिनं वेगळी काढतात आणि वाळवून पावडर करतात. आमच्या मंचरचीच व्हे प्रोटीन पावडर आज जिममधली मुलं पाण्यात ढवळून पितात. एकेकाळी ईटीपीची डोकेदुखी असलेली वस्तू डब्यात भरून विकली जाते.

साखर कारखान्यातही असंच आहे, आणि तिथला हिशेब लोकांना सहसा माहीत नसतो. उसात सत्तर टक्के पाणीच असतं. टनामागे ७०० लिटर. रोज पाच हजार टन गाळणाऱ्या कारखान्यात उसाबरोबर रोज पस्तीस लाख लिटर पाणी चालत येतं. रस आटवताना त्याची वाफ होते, वाफेचं पुन्हा पाणी होतं. हे कंडेन्सेट नीट वापरलं, तर कारखान्याला नदीतून फारसं पाणी घ्यायची गरज नाही. केंद्राने २०१६ साली कारखान्यांच्या सांडपाण्यावर टनामागे एकूण २०० लिटरची मर्यादा घातली ती याच हिशेबाने.

पण कंडेन्सेट म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. रस उतू गेला की त्यात साखर येते, आणि ते बॉयलरला गेलं तर आत आम्ल होऊन नळ्या खराब होतात. म्हणून लॅबमध्ये तासातासाला एक तपासणी होते. परीक्षानळीत थोडं पाणी, त्यात अल्फा नॅफ्थॉलचे दोन-चार थेंब, मग नळी तिरकी धरून कडेकडेने तीव्र सल्फ्युरिक आम्ल सोडायचं. आम्ल जड, ते तळाशी जाऊन बसतं. दोन थर जिथे भेटतात तिथे बघत राहायचं. काही नाही आलं तर पाणी चांगलं. साखर असली तर त्या सीमेवर जांभळं कडं उमटतं. कडं दिसलं की केमिस्ट ओरडतो, 'शुगर ट्रेस आली!' आणि ते पाणी बॉयलरकडून वळवून ईटीपीकडे जातं. कंडेन्सेटला अमोनियाचा आणि आंबल्याचा एक वासही असतो. तो घालवायला आता त्याच्यासाठी वेगळं केंद्र बांधतात: आधी थंड करायचं, मग जिवाणूंकडून साफ करून घ्यायचं, वाळू आणि कार्बनमधून गाळायचं, शेवटी ओझोन किंवा क्लोरीन. ते पाणी कूलिंग टॉवरला चालतं.

सर्वांत अवघड प्रकरण डिस्टिलरीचं. मळी आंबवून अल्कोहोल काढलं की लिटरमागे आठ-दहा लिटर काळं, गरम, आम्लधर्मी पाणी उरतं, स्पेंटवॉश. पेपरात ज्याला 'मळीमिश्रित पाणी' म्हणतात ते बहुधा हेच. याची बीओडी चाळीस-पन्नास हजार, आणि रंग असा चिवट की जिवाणूंनाही तो पुरता खाता येत नाही. राज्यातल्या कितीतरी गावांच्या विहिरी याने काळवंडल्या. त्यामुळे डिस्टिलरी म्हटलं की ग्रामसभेत लोक उठून उभे राहतात, ते रास्तच आहे. २००३ पासून केंद्राचं धोरण आहे की डिस्टिलरीबाहेर याचा थेंबही जायचा नाही. त्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. बंद टाकीत हवेशिवाय कुजवून बायोगॅस काढायचा. त्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड भरपूर असतो, तो धुऊन काढूनच गॅस जाळायचा. उरलेलं पाणी प्रेसमडवर, म्हणजे रस गाळून उरलेल्या गाळावर, फवारून कंपोस्ट करायचं. किंवा सरळ आटवून काकवीइतकं घट्ट करायचं आणि खास बॉयलरमध्ये बगॅसबरोबर, म्हणजे उसाच्या चिपाडाबरोबर, जाळायचं. त्या राखेत पोटॅश असतं, उसाने जमिनीतून घेतलेलं. आपला देश पोटॅश जवळजवळ सगळं बाहेरून आणतो, आणि २०२१ पासून मळीपासून मिळणाऱ्या या पोटॅशला केंद्राचं खत अनुदान लागू झालं आहे. पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे डिस्टिलऱ्या वाढत राहणार. माझं मत विचाराल, तर कंपोस्टच्या वाटेने जाणाऱ्यांनी पावसाळ्यात उघड्यावर ढीग ठेवूच नयेत. पक्का तळ आणि छप्पर नसेल, तर पहिल्या मोठ्या पावसात सगळं ओढ्यात येतं.

पाणी साफ झालं, वास गेला, मगच निर्जंतुकीकरण. हा क्रम उलटा केला की पैसे पाण्यात जातात. गावात क्लोरीन सगळ्यांच्या ओळखीचं आहे: ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर टाकतो, नळाच्या पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे, म्हणजे 'ओटी'चे, थेंब टाकतो आणि पिवळा रंग आला की समाधान. नागपूरची नीरी ही संस्था १९५८ साली सुरू झाली, तिने गावांसाठी क्लोरीनच्या साध्या गोळ्या आणि विहिरीत सोडायची मडकी काढली. कारखान्यात तेच क्लोरीन द्रवरूपात निळ्या कॅनमधून येतं, सोडियम हायपोक्लोराइट, सगळ्यांच्या तोंडी 'हायपो'. घाण शिल्लक असलेल्या पाण्यात हायपो टाकला, तर क्लोरीन आधी घाणीवर खर्च होतं आणि जंतूंना काही उरत नाही. वर त्यातून नको ती संयुगं तयार होतात. पाण्यात अमोनिया असला की क्लोरामाइन होतं. पोहण्याच्या तलावावर जो डोळे चुरचुरवणारा 'क्लोरीनचा वास' येतो तो खरं तर याचा. तो वास आला तर क्लोरीन जास्त झालं असं लोक समजतात. बहुतेक वेळा ते कमी पडलेलं असतं. सामूही पाहावा लागतो. साडेसातच्या खाली क्लोरीनची जंतू मारायची ताकद जास्त, आठच्या वर ती झपाट्याने घटते. आणि कॅन उन्हात ठेवू नयेत. एप्रिल-मेच्या उन्हात दहा-बारा टक्क्यांचा हायपो काही आठवड्यांत निम्म्यावर येतो आणि ऑपरेटर मात्र जुन्याच मापाने टाकत राहतो.

अतिनील दिवे, म्हणजे यूव्ही, काही न मिसळता जंतूंचा डीएनए मोडतात. पण पाणी नितळ हवं आणि दिव्याची काच क्षारांनी पांढरी पडता कामा नये. आमच्या जड पाण्यात ती लवकर पडते. ओझोन वास, रंग, जंतू तिन्हींवर चालतो. फ्रान्समधल्या नीस शहराने १९०६ पासून पिण्याच्या पाण्याला तो वापरला. तो साठवता येत नाही, जागेवर विजेने तयार करावा लागतो आणि काही मिनिटांत विरून जातो. डेअरीत पाइप निर्जंतुक करायला पेरासेटिक आम्ल चांगलं. मागे सिरक्यातलं आम्ल, पाणी आणि प्राणवायू एवढंच उरतं. कुठलं घ्यायचं हे पाणी कुठे जाणार त्यावर ठरतं. बागेला किंवा उसाला जाणाऱ्या पाण्यावर ओझोनचा खर्च करायचं कारण नाही. कूलिंग टॉवरचे तुषार हवेत उडतात, माणसं ते श्वासात घेतात, म्हणून तिथे मात्र अजिबात ढिलाई नको.

आणि आता जे सांगते ते कृपा करून घरात मोठ्याने वाचा, विशेषतः ज्यांच्या घरातलं कुणी कारखान्यात, डेअरीत किंवा गोबरगॅसवर काम करतं त्यांनी. हायड्रोजन सल्फाइड थोडा असतो तेव्हा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या पुढे गेला की वास घेणाऱ्या नसाच बधिर होतात. वास गेला असं वाटतं. वायू तिथेच असतो. त्याहून कितीतरी जास्त झाला तर माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो. आत एक पडला म्हणून वाचवायला दुसरा उतरतो, त्याच्या मागे तिसरा. दरवर्षी अशा बातम्या येतात आणि त्यात अनेकदा एकाच घरातली दोन माणसं असतात. झाकलेल्या टाकीत, चेंबरमध्ये, गाळाच्या खड्ड्यात मीटरने हवा मोजल्याशिवाय, पंख्याने ताजी हवा भरल्याशिवाय, कमरेला दोर आणि वर माणूस असल्याशिवाय कुणीही उतरायचं नाही, साहेबांनी सांगितलं तरी नाही. गटारं आणि सेप्टिक टँक साफ करायला माणसाला संरक्षणाशिवाय उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तसंच हायपोचे कॅन आणि आम्लाचे कॅन एका शेडमध्ये ठेवू नका. ते एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

गावकऱ्यांनी काय करायचं, हेही लोक विचारतात. मीना पारगावच्या बाजूला घोडला मिळते, घोड भीमेला, भीमा उजनीला. आमच्या ओढ्यात सुटलेलं पाणी सोलापूरकरांच्या धरणाच्या वाटेवर असतं, तेव्हा विचारण्याचा हक्क बराच लांबवर पोचतो. नुसतं 'वास येतो' म्हणून तक्रार केली, तर अधिकारी येईपर्यंत वारा बदललेला असतो. एका वहीत तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि वास कसला ते लिहा: सडक्या अंड्याचा, खवट, अमोनियाचा की जळक्या साखरेचा. ओढ्याच्या पाण्याचा रंग लिहा, फोटो काढा. दोन-तीन आठवड्यांत वहीत एक वेळ वारंवार दिसू लागते, बहुधा पहाटेची. ती वही घेऊन आधी कारखान्याच्या ईटीपीवर जा आणि तिथल्या ऑपरेटरला भेटा, सिलिंडर दाखवायला सांगा, लॉगबुक दाखवायला सांगा. चांगला कारखाना आनंदाने दाखवतो. नाहीच दाखवलं तर वहीची प्रत जोडून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी अर्ज करा आणि त्याच वेळेला नमुना घ्यायची मागणी करा. अधिकारी जो नमुना घेतात त्याला आमच्याकडे जेव्हीएस म्हणतात. तो कारखान्याच्या माणसासमोर घेतला जातो, आणि कारखान्याने मागणी केली तर त्याचे दोन भाग करून दोन्हींवर सील लावावं लागतं. अर्जात वेळ पहाटे चारची लिहायला संकोच करू नका.